दीपिका कुमारी आणि "पण ऑलिंपिकचं काय?"

खडीसाखर

परवा घरी पाहुणे होते जेवायला. भाच्याने उन्हाळी शिबिरात तिरंदाजी सुरू केलीये त्यामुळे विषय निघाला आणि आमच्या एका नातेवाईकांनी भात कालवता कालवता म्हणलं, "ती दीपिका कुमारी ना, दर ऑलिंपिकला फुसका बार." एवढंच. आणि सगळे हसले. माझी आमटी गार झाली पण मी काही बोलले नाही, वडीलधारे आहेत, तिथे कुठे वाद घालणार, म्हणून तो वाद इथे घालतेय. लेख नाहीये हा, भडास आहे, सांभाळून घ्या.

तर ही मुलगी रांचीजवळच्या रातू चट्टीची. जन्म १९९४. वडील रिक्षा चालवायचे, आई दवाखान्यात नर्स. दगड मारून झाडावरचे आंबे पाडायची वगैरे गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, दर चार वर्षांनी पेपरवाले तीच काढतात, मला त्यापेक्षा पुढची जास्त आवडते. २००५ मध्ये ती खरसावांच्या अकादमीत गेली तेव्हा काडी होती नुसती, नको म्हणाले, तर हिने तीन महिन्यांची मुदत मागून घेतली. अकरा वर्षांची पोर! मी अकरा वर्षांची असताना दुकानातून सुटे पैसे परत मागायला लाजायचे. पुढच्या वर्षी जमशेदपूरला टाटा अकादमीत, २००९ ला अमेरिकेत ऑग्डेनला कॅडेट (कुमार गटाची) वर्ल्ड चॅम्पियन, २०१० ला दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये दोन गोल्ड, एक वैयक्तिक आणि एक टीमचं डोला बॅनर्जी आणि बोंबायला देवीबरोबर. वय सोळा. २०१२ ला अंतल्याच्या वर्ल्ड कपला कोरियाच्या ली सुंग जिनला फायनलमध्ये हरवून पहिलं वैयक्तिक गोल्ड आणि त्याच वर्षी जगात एक नंबर, अठरा वर्षांची.

आणि मग लंडन. पहिल्याच राउंडला ब्रिटनच्या एमी ऑलिव्हरकडून ६-२. बास, तिथून जे लेबल चिकटलं ते चिकटलं.

मला एवढंच म्हणायचंय की हा खेळ वर्षभर चालतो. वर्ल्ड कपचे टप्पे असतात, शांघाय, अंतल्या, पॅरिस, सॉल्ट लेक, आणि तिथे समोर त्याच कोरियन, त्याच चायनीज तैपेईवाल्या (म्हणजे तैवानच्या) असतात ज्या ऑलिंपिकला असतात. तिथे ही बाई पंधरा वर्षं पहिल्या फळीत आहे. वर्षअखेरीच्या वर्ल्ड कप फायनलला मोजक्याच जणी पात्र ठरतात, तिथे पाच वेळा सिल्व्हर, २०११, १२, १३, १५ आणि मग थेट २०२४. नऊ वर्षांनी परत! वर्ल्ड चॅम्पियनशिपला टीमची दोन सिल्व्हर, २०११ तुरीन, २०१५ कोपनहेगन. २०१६ ला शांघायला ७२० पैकी ६८६ मारून कोरियाच्या की बो बेच्या वर्ल्ड रेकॉर्डची बरोबरी केली. हे कुणाला माहितीये का जेवणाच्या टेबलावर?

---

उगाचच

खडीसाखर, भावना पोचल्या, लेखही छान. पण एक विचारतो, राग मानू नका. लंडन, रिओ, टोकियो, पॅरिस. चार ऑलिंपिक. त्यात लंडन आणि टोकियोला ती जगात एक नंबर म्हणून गेलेली. एकदाही सेमीफायनल नाही. दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट टीमला आपण सगळे वर्षानुवर्षं चोकर म्हणत आलोच ना, तेव्हा कुणाची आमटी गार झाली नाही. सिंधू दोन मेडल घेऊन आली, मीराबाई रिओला पार कोसळली पण टोकियोला उचललंच तिने. मग दीपिकाला प्रश्न विचारला तर लगेच नातेवाईक वाईट?

फुसका बार म्हणणार नाही मी. पण कुठेतरी गडबड आहे एवढं तर मान्य कराल?

---

आंबटचिंबट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

नेमका

चार-पाच वर्षं हौशी तिरंदाजी केलीये (रिकर्व्ह, म्हणजे ऑलिंपिकला असतं ते धनुष्य, अगदीच सुमार, जिल्ह्याच्या पुढे कधी गेलो नाही) म्हणून दोन शब्द, म्हणजे दोन म्हणत म्हणत बरेच होतील.

आधी अंतर डोळ्यासमोर आणा. ७० मीटर. म्हणजे क्रिकेटची साडेतीन पिचेस एकापुढे एक. टारगेट १२२ सेंटिमीटरचं, आणि त्यातला दहा गुणांचा पिवळा गोल १२.२ सेंटिमीटर. घरात जुनी गाण्यांची सीडी असेल तर बघा, जवळपास तेवढाच. ती सीडी सोसायटीच्या गेटला टांगा आणि मागच्या कंपाउंड वॉलला उभे राहा. दिसते का? झालं तर मग.

आता बाण सोडणं. लोकांना वाटतं नेम धरला, सोडला. तसं नसतंच. रिकर्व्हच्या धनुष्यावर बाणाच्या टोकाजवळ एक पातळ पत्री असते, क्लिकर म्हणतात. दोरी ओढून हनुवटीखाली आणली, नाकाला ओठाला लागली, नेम बसला, तरी बाणाचं टोक अजून त्या पत्रीखाली दोन-तीन मिलिमीटर अडकलेलं असतं. ते शेवटचे दोन मिलिमीटर हाताने नाही, पाठीच्या स्नायूंनी ओढायचे, खांद्याची पाती एकमेकींकडे सरकवून. पत्री 'टक' वाजली की बोटं आपोआप सुटली पाहिजेत. वाजायच्या आधी सोडला तर गेला, वाजल्यावर विचार केला तरी गेला. आणि मॅचमध्ये एका बाणाला वीस सेकंद. टेन्शन आलं की पहिलं काय होतं तर ती टक वाजतच नाही. पाठ आवळते, तुम्ही ओढताय ओढताय, साईट पिवळ्यावर थरथरतेय, घड्याळ दिसतंय बारा, अकरा, दहा.. मग माणूस खाली उतरवून परत ओढतो किंवा तसाच ढकलतो आणि सात लागतात. आमच्या जिल्हा स्पर्धेत माझ्या बाबतीत हे झालंय, समोर बघणारे सतरा लोक होते, त्यातले नऊ घरचे. बाण टारगेटला लागलाच नाही, मागच्या गवतात अर्धा तास शोधला.

उगाचच, तुमचा मुद्दा चूक नाहीये पण एक तांत्रिक गोष्ट. आता सेट सिस्टिम आहे. तीन-तीन बाणांचा सेट, जिंकला की दोन गुण, बरोबरी झाली की एकेक, सहा झाले की संपलं. ऑलिंपिकला हे पहिल्यांदा लंडनलाच आलं, त्याआधी सगळ्या बाणांची सरळ बेरीज असायची. नव्या पद्धतीत बरी तिरंदाज एका वाईट सेटमधून सावरू शकते, पण दुबळी खेळाडू पण तीन चांगल्या सेटमध्ये एक नंबरवालीला घरी पाठवू शकते. म्हणजे जागतिक रँकिंग म्हणजे बऱ्याच स्पर्धांची मिळून कामगिरी आणि नॉकआउट म्हणजे दहा-पंधरा बाण. लंडनला लॉर्ड्सवर वारं पण होतं, तिला ताप होता असंही तेव्हा छापून आलेलं. सबब म्हणून नाही सांगत, ऑलिव्हर पण त्याच वाऱ्यात उभी होती.

---

उगाचच

नेमका, फार भारी लिहिलंय, क्लिकरचं माहीतच नव्हतं. पण तुमचीच गोष्ट माझ्या बाजूची आहे की. टेन्शनमध्ये टक वाजत नाही म्हणजे चोक होणं अजून वेगळं काय असतं? :)

---

नेमका

हाहा, पकडलंत. पण मग नुसतं चोक म्हणून सोडू नका, कुठे झालं ते बघा. टोकियोला तिने रशियाच्या पेरोव्हाला शूटऑफमध्ये काढलं. पाच-पाच बरोबरी, दोघींना एकेक बाण, दीपिकाचा दहा, पेरोव्हाचा सात. ज्या बाईला प्रेशर झेपत नाही ती तो बाण मारू शकत नाही. पॅरिसला पण पहिलीच मॅच एस्टोनियाच्या पारनातबरोबर शूटऑफला गेली, ९-८ ने काढली.

टोकियोला पुढे कोरियाची अन सान. ६-० दिसतं म्हणजे धुलाई वाटते. सेट बघा: २७-३०, २४-२६, २४-२६. पहिल्यात अन सानने तीन दहा मारले, त्याला काही इलाज नाही. पण पुढचे दोन सेट २६ चे आहेत, कोरियनच्या मानाने ढिले. तिथे २७ मारले असते तर मॅच उघडी होती. ते २४ आणि २४, तिथे तुमचं म्हणणं मी मान्य करतो. दार उघडं होतं आणि ही आत गेली नाही.

---

फलटणकर

टोकियोचं नाव निघालं म्हणून आमच्या गावाकडचं सांगतो. मिक्स टीमला (एक बाई, एक पुरुष) तिच्याबरोबर उभा होता तो प्रवीण जाधव, आमच्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा. आईवडील मजुरी करणारे. झेडपीच्या शाळेतल्या सरांनी धावायला लावला, तिथून क्रीडा प्रबोधिनी, तिथून अमरावतीला तिरंदाजी, मग आर्मी. २०१९ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला तरुणदीप राय, अतनू दास आणि प्रवीण या तिघांनी सिल्व्हर आणलं आणि त्याच्यावरच पुरुषांची टीम टोकियोला गेली.

आता झालं काय, टोकियोच्या महिनाभर आधी पॅरिसच्या वर्ल्ड कपला दीपिका आणि अतनू या नवराबायकोने मिक्सचं गोल्ड घेतलेलं. सगळ्या देशाने जोडी ठरवूनच टाकलेली. पण टोकियोला रँकिंग राउंडमध्ये (मॅचेसच्या आधीची ७२० गुणांची फेरी) प्रवीण ६५६ वर, अतनू ६५३ वर. तीन गुण! आणि रँकिंगमध्ये जो वर तो मिक्सला, म्हणून आमचा गडी उभा राहिला. चायनीज तैपेईला हरवलं, मग कोरियाकडून ६-२ हरले. त्या दिवशी व्हॉट्सॅपवर आमच्या पोराला जे काही बोलले ना लोक, नवराबायकोला तोडलं म्हणे. अरे त्याने काय केलं, त्याने जास्त मार्क पाडले! आणि वैयक्तिकला त्याच प्रवीणने जगातल्या दोन नंबरच्या रशियनला ६-० ने उडवलं ते कुणी फॉरवर्ड केलं नाही.

बाकी त्या सगळ्यांचा सराव आपल्या पुण्यातच आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटला चालायचा, त्यामुळे थोडी ती पण आपलीच.

---

खडीसाखर

फलटणकर, हे मला अर्धंच माहीत होतं, थँक्यू. आणि गंमत बघा, पॅरिसला हेच उलटं तिच्यावर आलं. रँकिंगला अंकिता भकत ६६६ मारून अकरावी आणि दीपिका ६५८ वर तेविसावी, म्हणून मिक्सला धीरज बोम्मदेवराबरोबर अंकिता गेली आणि ते दोघं चौथे आले. भारताची ऑलिंपिक तिरंदाजीतली आजवरची सगळ्यात जवळची वेळ ती, आणि दीपिका त्यात नव्हतीच. या वेळी मात्र कुणी काही बोललं नाही.

---

सातारी_तडका

सातारा आला की आम्ही आलो. आमची अदिती स्वामी विसरलात काय? २०२३ ला बर्लिनला सतरा वर्षांची असताना वर्ल्ड चॅम्पियन, सेमीला आपल्याच ज्योती सुरेखाला १४९-१४५, फायनलला मेक्सिकोच्या बेसेराला १४९-१४७. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने १५० पैकी १५० मारून पुरुषांचं घेतलं. एकाच दिवशी महाराष्ट्राचे दोन वर्ल्ड चॅम्पियन. मग दीपिकाला का नाही जमलं?

---

नेमका

सातारी, तुमचा अभिमान रास्त आहे पण तो खेळ वेगळा हो. ते कंपाउंड. पुल्या असलेलं धनुष्य, पूर्ण ओढल्यावर वजन बरंच उतरतं, भिंग असतं, दोरी बोटाने नाही यंत्राच्या बटणाने सोडतात. अंतर ५० मीटर, बेरीज सगळ्या बाणांची. सोपं नाहीये अजिबात, उलट तिथे एक नऊ लागला तरी मॅच जाते, पण दोन्हीची तुलना म्हणजे कॅरमवाल्याला बिलियर्ड का येत नाही विचारण्यासारखं. शिवाय कंपाउंड आतापर्यंत ऑलिंपिकला नव्हतंच, २०२८ ला लॉस एंजेलिसला फक्त मिक्स टीम येतंय. म्हणजे अदितीला, ओजसला कुणी "ऑलिंपिकचं काय" विचारूच शकलं नाही. नशीबवान आहेत त्या बाबतीत.

---

सातारी_तडका

मान्य. तरी पण बर्लिन भारीच.

---

गोधडी

मी इथे नेहमी वाचनमात्र असते पण आज राहवलं नाही. सगळे टोकियो टोकियो करताय, मला तिचं त्यानंतरचं बघून जास्त वाटतं. डिसेंबर २०२२ ला मुलगी झाली. २०२३ चं जवळजवळ सगळं हातातून गेलं, हांगझोऊच्या एशियाडच्या टीममध्ये ती नव्हती. लोकांनी निवृत्तीच धरली होती. आणि फेब्रुवारी २०२४ ला बगदादला एशिया कपचं गोल्ड, एप्रिलला शांघायला वर्ल्ड कपचं सिल्व्हर.

माझं सिझेरियन झालं होतं. सहा महिने मला प्रेशर कुकरचं झाकण लावताना पोटात ओढ बसायची. बाळ एका बाजूला घेऊन घेऊन डावा खांदा कायमचा खाली गेला, शिंप्याने सांगितलं तेव्हा कळलं. वर नेमका यांनी लिहिलंय ना, पाठीने ओढायचं, खांद्याची पाती सरकवायची, ते वाचताना माझा हात आपोआप पाठीकडे गेला. तिने कसं केलं असेल माहीत नाही. पॅरिसला गेली तेव्हा पोर वीस महिन्यांचंही नव्हतं. त्या वयाचं मूल घरी ठेवून मी लग्नाला दोन दिवस गेले होते तर तिसऱ्या तासाला फोन लावला होता.

त्यामुळे मला ते चौथं ऑलिंपिक म्हणजे पहिल्या तिघांसारखं चौथं वाटतच नाही.

---

उगाचच

गोधडी ताई, हे मात्र मी धरलंच नव्हतं. खरंच.

---

बाहेरगावचा

मी काही वर्षं नोकरीनिमित्त सोलला होतो म्हणून कोरियाची बाजू. तिथल्या बायकांच्या टीमने १९८८ पासून २०२४ पर्यंत सलग दहा वेळा ऑलिंपिक गोल्ड घेतलंय, एकदाही चुकलं नाही. पण नावं बघा, बरीचशी दर वेळी वेगळी. टोकियोला तीन गोल्ड घेणारी अन सान पॅरिसच्या टीममध्ये नव्हतीच, त्यांच्या निवड चाचणीत मागे पडली. तिथे मागचं मेडल दाखवून आत जाता येत नाही, परत पहिल्यापासून बाण मारायचे. म्हणजे दीपिका दर चार वर्षांनी नव्या, ताज्या, घरच्या चाळणीतून गाळून आलेल्या मुलीसमोर उभी राहते आणि आपल्याकडून मात्र परत तीच. टोकियोला तर बायकांमध्ये ती एकटीच होती, कारण टीम पॅरिसच्या क्वालिफायरमध्ये कोलंबियाकडून हरली.

मजा म्हणजे त्याच गावात पुढच्याच आठवड्यात वर्ल्ड कप, मेक्सिकोला फायनलला ५-१ हरवून टीम गोल्ड! आणि तिने एकाच दिवसात तीन गोल्ड घेतली तो दिवस हाच, २७ जून २०२१. वैयक्तिकला रशियाच्या ओसिपोव्हाला ६-०. ती ओसिपोव्हा महिन्याने टोकियोला सिल्व्हर घेऊन गेली.

---

खडीसाखर

बाहेरगावचा, हे शेवटचं वाक्य मी जेवणाच्या टेबलावर बोलायला पाहिजे होतं. सुचलंच नाही. नेहमीचंच आहे माझं, उत्तर भांडी घासताना सुचतं.

---

आंबटचिंबट

पॉपकॉर्न संपले. गंभीरपणे एक विचारतो, रिओचं कुणीच का बोलत नाहीये?

---

नेमका

कारण रिओला सांगण्यासारखं कमी आहे. वर्ल्ड रेकॉर्ड बरोबरी एप्रिलमध्ये आणि ऑगस्टला रँकिंगला ६४०. शेहेचाळीस गुणांचा फरक, त्यावरून काय ते समजा. वैयक्तिकला दोन जिंकल्या, मग चायनीज तैपेईच्या तान या तिंगकडून ६-०. टीमचं मात्र दुखतं, बोंबायला, लक्ष्मीराणी आणि दीपिका, रशियाबरोबर चार-चार बरोबरी आणि शूटऑफमध्ये गेलं.

---

उगाचच

काल रात्री बायको झोपल्यावर पॅरिसची क्वार्टर फायनल परत बघितली, कोरियाच्या नाम सु ह्यनबरोबरची. कागद घेऊन बसलो होतो. २८-२६ हिचा. २५-२८ तिचा. २९-२८ हिचा. म्हणजे ४-२ ने पुढे, एक सेट जिंकला की सेमी. मग २७-२९, २७-२९. गेली.

बेरीज केली. पंधरा बाणांत हिचे १३६, तिचे १४०. मी इतकी वर्षं वर लिहिलं तसं बोलत आलोय ते चार गुणांवरून. अर्थात चार गुण म्हणजे चार गुण, हरली ती हरली, ते मी मागे घेत नाही. शेवटच्या दोन सेटमध्ये हिने काही घाण मारलं नाही, समोरचीने दोनदा २९ मारले. पण दुसऱ्या सेटचे ते २५ मात्र अजून टोचतात.

खडीसाखर, तुमच्या त्या नातेवाईकांना लिंक पाठवा.

---

खडीसाखर

पाठवली. उत्तर आलं: अंगठा. आणि त्याखाली गुड मॉर्निंगचा गुलाब.

बरं नेमका, भाच्याच्या शिबिरात त्याच्या हाताच्या आतल्या बाजूला हा एवढा काळानिळा वळ उठलाय, दोरी लागली म्हणतो. वहिनी उद्यापासून पाठवत नाही म्हणतायत. हे असं होतं का?

---

नेमका

होतं, सगळ्यांना होतं. कोपर बाहेरच्या बाजूला वळवायला सांगा, आत वळलं की दोरी घासते. आणि आर्मगार्ड घ्या आधी, महाग नसतो. धनुष्य ज्या हातात धरतो त्या हाताला बांधायचा, ओढतो त्या नाही. आमच्यात एकाने महिनाभर उलट्या हाताला बांधला होता आणि महिनाभर वळ दाखवत फिरत होता.

---

गोधडी

बर्फ लावा आधी. आणि वहिनींना म्हणावं, पाठवा.